विश्लेषण : माचू पिचूच्या भिंतीवर आधीच एक नाव होते... मग ‘शोध’ हायरम बिंगहॅम यांचा कसा?

पेरूतील माचू पिचू हे इंकांचे डोंगरमाथ्यावरील नगर आज जगभरातील पर्यटकांच्या यादीत असते. आपल्याकडे अनेकांनी ते पहिल्यांदा पाहिले ते रजनीकांत आणि ऐश्वर्या राय यांच्या ‘रोबोट’मधील गाण्यात. (गाणे किलीमांजारोचे, म्हणजे आफ्रिकेतील पर्वताचे, आणि चित्रीकरण दक्षिण अमेरिकेतले, हा भाग वेगळा.) या नगराचा शोध २४ जुलै १९११ रोजी अमेरिकी प्राध्यापक हायरम बिंगहॅम यांनी लावला, असे वर्षानुवर्षे पाठ्यपुस्तकांत आणि सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत छापले जात आहे. पण बिंगहॅम तिथे पोहोचले तेव्हा एका भिंतीवर कोळशाने एक नाव आणि एक साल लिहिलेले होते. ते त्यांनी वाचले आणि वहीत टिपूनही घेतले. पुढे मात्र त्यांच्याच लिखाणातून ते नाव मागे पडत गेले. ते कसे, हे समजण्यासाठी बिंगहॅम यांचे आयुष्य पाहावे लागते.

हायरम बिंगहॅम कोण होते?

बिंगहॅम यांचा जन्म १९ नोव्हेंबर १८७५ रोजी हवाई बेटांवरील होनोलुलू येथे झाला. त्यांच्या आजोबांचे नावही हायरम आणि वडिलांचेही हायरम. आजोबा १८२० मध्ये हवाईत आलेल्या पहिल्या मिशनऱ्यांपैकी एक. वडिलांनी प्रशांत महासागरातील गिल्बर्ट बेटांवर धर्मप्रसार केला आणि तिथल्या भाषेत बायबल उतरवले. घरात शिस्त कडक, पैसा बेताचा. मुलानेही हीच वाट धरावी, अशी अपेक्षा. मुलाला मात्र बेटाबाहेरचे जग हवे होते. लहानपणी त्यांनी एका मित्रासह जहाजाने पळून जाण्याचा बेतही केला होता, तो फसला.

पुढे शिक्षणाने ती वाट मोकळी केली. १८९८ मध्ये येल विद्यापीठाची पदवी, नंतर बर्कलीला पदव्युत्तर शिक्षण आणि १९०५ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट. विषय होता दक्षिण अमेरिकेचा इतिहास. त्या काळी अमेरिकी विद्यापीठांत या विषयाकडे फारसे कोणी फिरकत नसे. १९०० मध्ये त्यांचा विवाह आल्फ्रेडा मिचेल यांच्याशी झाला. आल्फ्रेडा या ‘टिफनी’ या प्रसिद्ध जवाहिरी पेढीचे संस्थापक चार्ल्स टिफनी यांच्या नात. मिशनऱ्याचा मुलगा एकदम धनिकांच्या गोतावळ्यात आला. सासरचा पैसा, सहा फुटांहून अधिक उंची, कॅमेऱ्याची आवड आणि नाव कमावण्याची घाई, एवढी शिदोरी घेऊन हा माणूस मोहिमांवर निघाला. पुरातत्त्वाचे शिक्षण त्या शिदोरीत नव्हते.

इतिहासाचा प्राध्यापक डोंगरातल्या अवशेषांकडे कसा वळला?

योगायोगाने. १९०८ च्या अखेरीस चिलीची राजधानी सांतियागो येथे भरलेल्या वैज्ञानिक परिषदेला ते प्रतिनिधी म्हणून गेले आणि परतताना खेचरांवरून पेरू पार करू लागले. फेब्रुवारी १९०९ मध्ये, ऐन पावसाळ्यात, अपुरिमाक प्रांताचे प्रमुख अधिकारी नुन्येस यांनी त्यांना गळ घातली. अपुरिमाक नदीच्या दरीवर चोकेकिराओ नावाचे इंकांचे ठाणे आहे, तिथे इंकांचा खजिना पुरलेला आहे अशी वदंता आहे, तुम्ही डॉक्टर आहात तर येऊन पाहा, असा एकूण आग्रह होता. बिंगहॅम यांची डॉक्टरेट वेगळ्याच विषयातली होती. पण परिषदेचा प्रतिनिधी म्हटल्यावर तो सर्वज्ञ असणार, अशी नुन्येस यांची समजूत.

चोकेकिराओ या क्वेचुआ नावाचा अर्थ ‘सोन्याचा पाळणा’ असा सांगितला जातो. ठिकाण सुमारे ३,००० मीटर उंचीवर, आणि खाली नदी त्याच्या निम्म्या उंचीवर. म्हणजे आधी दरीच्या तळाशी उतरायचे, फेसाळत्या पाण्यावरचा तारांचा झुलता पूल ओलांडायचा आणि मग तेवढेच पुन्हा चढायचे. नुन्येस यांच्या माणसांनी रान तोडून वाट काढली होती, सोन्यासाठी ठिकठिकाणी उकरूनही पाहिले होते. सोने मिळाले नाही. बिंगहॅम यांना मात्र दुसरेच काही मिळाले. ढगांतून डोके काढणारी हिमशिखरे, कड्याच्या धारेवर बांधलेली घरे आणि चौक, भिंतींतले कोनाडे! काय करावे हे सुचेना, तेव्हा त्यांनी लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने प्रवाशांसाठी काढलेली मार्गदर्शिका उघडली. अनोळखी अवशेषांपाशी पोहोचल्यास मोजमापे घ्या, छायाचित्रे काढा, जे दिसते ते नेमके लिहा, असा तिचा सल्ला होता. त्यांनी तेच केले. त्यांचे पुरातत्त्व सुरू झाले ते असे.

चोकेकिराओच्या भिंतींवरही आधी येऊन गेलेल्यांची नावे होती. फ्रेंच प्रवासी सार्तिज यांचे १८३४ सालचे, शिवाय १८६१ आणि १८८५ मधल्या पेरूच्या प्रवाशांची. बिंगहॅम यांनी ही सगळी नावे उतरवून घेतली आणि १९११ मध्ये आलेल्या प्रवासवर्णनात छापलीही. इथे आपण पहिले नाही, हे सांगताना तेव्हा त्यांना काही वाटले नव्हते. दोन वर्षांनंतर हाच माणूस वेगळा वागला, म्हणून ही गोष्ट लक्षात ठेवायची.

१९११ ची मोहीम नेमकी कशासाठी होती?

माचू पिचूसाठी नव्हतीच. इंकांची राजधानी कुस्को. १५३६ मध्ये मांको इंका या राजाने स्पॅनिश आक्रमकांविरुद्ध उठाव केला. तो फसल्यावर राजा वायव्येकडील दुर्गम डोंगराळ मुलखात शिरला. तिथे विटकोस नावाच्या गडावर आणि त्याहून आत, जंगलात वसवलेल्या विल्काबांबा नगरात इंकांची सत्ता आणखी ३५ वर्षे टिकली. मांको इंकाचा शेवट विटकोसलाच झाला. ज्या स्पॅनिश फितुरांना त्याने आसरा दिला होता, त्यांनीच त्याला भोसकले. १५७२ मध्ये स्पॅनिश फौजांनी विल्काबांबा घेतले, शेवटचा इंका तुपाक आमारू याला पकडून कुस्कोच्या चौकात त्याचा शिरच्छेद केला. पुढे ही दोन्ही ठिकाणे नकाशावरून पुसली गेली. तिथे राहणाऱ्यांना अवशेष ठाऊक होते, पण त्यांची जुनी नावे विस्मरणात गेली.

चोकेकिराओ हेच ते शेवटचे आश्रयस्थान, असे अनेक अभ्यासक मानत. लिमा येथील इतिहासकार कार्लोस रोमेरो यांना ते मान्य नव्हते. सतराव्या शतकातील धर्मगुरू कालांचा यांच्या ग्रंथात विटकोसजवळच्या एका खुणेचे वर्णन आहे, झऱ्यावर वाकलेल्या एका प्रचंड पांढऱ्या खडकाचे. तो खडक शोधा म्हणजे विटकोस सापडेल, असे त्यांचे म्हणणे. बिंगहॅम यांनी हा धागा पकडला. येलमधील जुन्या वर्गमित्रांनी पैसे उभे केले आणि सात जणांची तुकडी निघाली. जाता जाता कोरोपुना हे शिखर अमेरिका खंडातील सर्वांत उंच आहे का, तेही मोजायचे होते. (ते नाही. पण बिंगहॅम त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यावर चढले.)

२४ जुलैला काय घडले?

कुस्कोहून निघालेली तुकडी उरुबांबा नदीच्या अरुंद खोऱ्यातून चालली होती. हा रस्ता काही वर्षांपूर्वीच सुरुंग लावून काढलेला होता. त्याआधीचे प्रवासी डोंगराला वळसा घालून जात, म्हणून त्यांच्या नजरेतून हे ठिकाण सुटले. पण त्याची वार्ता सुटली नव्हती. शार्ल विनेर या प्रवाशाने १८८० मध्ये छापलेल्या पुस्तकात माचू पिचू येथे अवशेष असल्याचे ऐकल्याची नोंद आहे. कुस्को विद्यापीठाचे कुलगुरू आल्बर्ट गीसेके यांनीही बिंगहॅम यांना या खोऱ्यातल्या अवशेषांची माहिती दिली होती.

२३ जुलैच्या रात्री मांदोर पांपा या ठिकाणी मुक्काम पडला. तिथे मेल्चोर आर्तेआगा नावाचे शेतकरी राहत; वाटसरूंना चारा आणि दारू विकत. वर डोंगरावर अवशेष आहेत, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी आणि पाऊस. आर्तेआगा निघायला तयार नव्हते. एक सोल, म्हणजे नेहमीच्या मजुरीच्या तिप्पट-चौपट रक्कम कबूल केल्यावर ते उठले. तुकडीतले निसर्ग अभ्यासक फुलपाखरे शोधायला गेले, डॉक्टरांना कपडे धुवायचे होते. त्यामुळे बिंगहॅम यांच्यासोबत उरले ते फक्त आर्तेआगा आणि पेरूच्या सैन्याने दिलेले सार्जंट कार्रास्को.

नदीवर पूल म्हणजे वेलींनी बांधलेले चार ओंडके. आर्तेआगा आणि कार्रास्को अनवाणी पायांनी ते ओलांडून गेले. बिंगहॅम हातापायांवर रांगत गेले. मग दमट रानातून उभी चढण. दुपारी वर पोहोचले तेव्हा समोर ‘हरवलेले नगर’ नव्हते, तर वस्ती होती. रिचार्ते आणि आल्वारेस ही दोन शेतकरी कुटुंबे इंकांच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांत चार वर्षांपासून मका आणि रताळी पिकवत होती. कर आणि सक्तीची शिपाईगिरी टाळायला ही जागा त्यांना सोयीची होती. त्यांनी पाहुण्यांना भोपळ्याच्या भांड्यातून थंडगार पाणी दिले, उकडलेली रताळी दिली आणि पुढची वाट दाखवायला एक लहान मुलगा सोबत दिला. शेवाळ आणि वेलींखालून पांढऱ्या ग्रॅनाइटच्या, सांध्यात पातेही शिरणार नाही अशा भिंती बिंगहॅम यांना दाखवल्या त्या या मुलाने. शाळेच्या पुस्तकात त्याचे नाव नाही. बिंगहॅम यांनी काही तास छायाचित्रे काढली, आराखडा रेखाटला, आणि संध्याकाळी खाली उतरले. त्या वर्षी ते पुन्हा वर गेले नाहीत. नकाशा करायला त्यांनी सहकारी पाठवले.

भिंतीवरचे नाव कोणाचे होते?

आगुस्तिन लिसारागा यांचे. साल १९०२. तीन खिडक्यांच्या मंदिराच्या भिंतीवर ते कोळशाने लिहिलेले होते. लिसारागा हे त्याच खोऱ्यात जमीन कसणारे. शेतीसाठी नवी जमीन शोधताना जुलै १९०२ मध्ये ते साथीदारांसह इथे पोहोचले होते. बिंगहॅम यांनी आपल्या टिपणवहीत लिसारागा हेच माचू पिचूचे शोधक असल्याचे आणि ते जवळच्या पुलापाशी राहत असल्याचे लिहून ठेवले. लिसारागा १९१२ मध्ये नदीत बुडून मरण पावले. त्यांना स्वतःची बाजू मांडण्याची वेळच आली नाही. १९१२ च्या मोहिमेत भिंतींची सफाई झाली तेव्हा अशी कोळशाची नावे घासून काढण्यात दोन दिवस गेले. वास्तूच्या दृष्टीने ते योग्यच होते. १९२२ च्या पुस्तकात बिंगहॅम यांनी लिसारागांचा ओझरता उल्लेख ठेवला. १९४८ च्या, सर्वाधिक खपलेल्या पुस्तकातून तोही गेला. भिंत साफ करणे आणि पुस्तक साफ करणे यांत फरक आहे, आणि बिंगहॅम यांच्यावरचा खरा आक्षेप दुसऱ्या सफाईचा आहे.

मग बिंगहॅम यांची कामगिरी कोणती?

दोन गोष्टी. पहिली फारशी कोणाला माहीत नाही, पण ती त्यांची सर्वांत अस्सल. माचू पिचूनंतर दोनच आठवड्यांनी, ऑगस्ट १९११ मध्ये, ते विल्काबांबा नदीच्या खोऱ्यात रोसासपाता नावाच्या टेकडीवर पोहोचले. माथ्यावर एक लांबलचक इमारत, उत्तम घडलेल्या दगडांची दारे, आणि चहूकडे डोंगरांचा वेढा. गडासाठी याहून चांगली जागा नाही. पण एवढ्यावर त्यांनी निकाल दिला नाही. ते खुणेचा खडक शोधत राहिले आणि जवळच्याच दरीत तो सापडला. कोरीव पायऱ्या आणि बैठका असलेला, खाली झरा असलेला पांढऱ्या ग्रॅनाइटचा अजस्र खडक. कालांचाचा ग्रंथ एका हातात आणि डोंगर समोर, असे जुळवून त्यांनी विटकोस निश्चित केले. ती ओळख आजही अभ्यासकांना मान्य आहे. मांको इंका जिथे मारला गेला ती जागा अशा रीतीने इतिहासाला परत मिळाली. कोणी नाव दाखवले म्हणून नव्हे, तर पुरावा तपासून.

दुसरी कामगिरी म्हणजे माचू पिचू जगापुढे आणणे. १९१२ मध्ये येल आणि नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीच्या पैशांवर त्यांनी रान साफ केले, मोजणी केली, उत्खनन केले. एप्रिल १९१३ चा ‘नॅशनल जिऑग्राफिक’चा संपूर्ण अंक याच विषयाला वाहिलेला होता. कड्यावरच्या त्या नगराची छायाचित्रे घरोघरी पोहोचली. लिसारागांना ठिकाण माहीत होते, जगाला नव्हते. जगाला ते बिंगहॅम यांच्या कॅमेऱ्याने दाखवले, हे नाकारता येणार नाही.

ज्यासाठी निघाले ते विल्काबांबा सापडले का?

सापडले, पण कळले नाही. विटकोसनंतर ते आणखी आत, उष्ण जंगलातल्या एस्पिरितु पांपा या ठिकाणी गेले. तिथे झाडोऱ्यात काही भिंती आणि स्पॅनिश पद्धतीची छपराची कौले दिसली. जंगल दाट, अन्न कमी. थोडी पाहणी करून ते परतले. इंकांचे शेवटचे नगर इतके उकाड्यात आणि इतके साधे असेल, हे त्यांना पटेना. पुढे त्यांनी माचू पिचू हेच विल्काबांबा असल्याचा सिद्धांत मांडला आणि अखेरपर्यंत तो सोडला नाही. १९६४ मध्ये जीन सॅव्हॉय यांनी एस्पिरितु पांपाचा विस्तार दाखवला. नंतर जॉन हेमिंग यांनी जुन्या कागदपत्रांशी पडताळून विल्काबांबा हेच असे सिद्ध केले. ती कौलेच निर्णायक खूण ठरली. स्पॅनिशांकडून कौले करण्याची रीत उचलणारे इंका म्हणजे शेवटच्या पर्वातलेच.

माचू पिचू हा तर गडही नव्हता. पंधराव्या शतकातील पाचाकुती या सम्राटाचे ते राजवाड्यासारखे निवासस्थान, असे आज मानले जाते. तिथल्या सांगाड्यांत बहुतेक स्त्रियांचे, म्हणजे सूर्यकुमारिकांचे, हा त्या मोहिमेचा निष्कर्षही नंतरच्या तपासणीत टिकला नाही. स्त्री-पुरुषांचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले.

पेट्यांचा वाद काय होता?

उत्खननात सोने जवळजवळ नव्हते. मडकी, कांस्याची अवजारे, हाडे असा ऐवज होता. पेरू सरकारने तो येलला नेऊ दिला, पण परत मागण्याचा हक्क राखून. १९१५ मध्ये कुस्कोत बिंगहॅम यांच्यावर चोरट्या निर्यातीचे आरोप झाले. ते सिद्ध झाले नाहीत, पण खोदकाम थांबवून त्यांना देश सोडावा लागला. १९१६ मधील शेवटच्या पेट्या तर केवळ १८ महिन्यांसाठी बाहेर गेल्या होत्या. त्यांतल्या काही परत आल्या. बाकी वस्तू येलच्या संग्रहालयात जवळपास शंभर वर्षे राहिल्या. पेरूने २००८ मध्ये अमेरिकेतील न्यायालयात दावा लावला, २०१० मध्ये समझोता झाला आणि २०११ ते २०१२ या काळात संग्रह कुस्कोला परतला. तिथल्या कासा कोंचा या जुन्या वाड्यात तो आज पाहता येतो.

नंतरचे आयुष्य कसे गेले?

राजकारणात. पहिल्या महायुद्धात ते वैमानिक झाले आणि फ्रान्समधील अमेरिकी वैमानिक प्रशिक्षण केंद्राचे प्रमुखही. १९२४ मध्ये कनेक्टिकटच्या राज्यपालपदी निवडून आले, पण पाठोपाठ सिनेटची पोटनिवडणूकही जिंकल्याने राज्यपालपद एका दिवसात सोडले. १९२९ मध्ये जकातीच्या चर्चेत त्यांनी कारखानदारांच्या संघटनेचा माणूस आपला कर्मचारी म्हणून गोपनीय बैठकांना नेला. सिनेटने ५४ विरुद्ध २२ मतांनी त्यांची निर्भर्त्सना केली. १९३२ मध्ये ते हरले. १९३७ मध्ये आल्फ्रेडा यांच्याशी घटस्फोट आणि दुसरा विवाह झाला. आल्फ्रेडा यांच्यापासून त्यांना सात मुलगे. त्यांपैकी हायरम चौथे यांनी दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधील मार्सेय येथे वरिष्ठांची मर्जी झुगारून ज्यू निर्वासितांना व्हिसा दिले. खरे तर त्यांच्यावर वेगळा लेख व्हायला हवा.

६ जून १९५६ रोजी वॉशिंग्टनमध्ये बिंगहॅम यांचे निधन झाले. त्यापूर्वी १९४८ मध्ये ते पुन्हा पेरूत गेले होते, ज्या डोंगरावर ते रांगत पूल ओलांडून चढले होते त्यावर काढलेल्या नागमोडी मोटाररस्त्याच्या उद्घाटनाला. त्या रस्त्याला त्यांचेच नाव देण्यात आले.

आज ही ठिकाणे पाहता येतात का?

माचू पिचूला कुस्कोच्या बाजूने रेल्वे जाते आणि पायथ्याच्या गावातून बस त्याच रस्त्याने वर सोडते. तिकिटे मर्यादित आणि ठरावीक वेळेची. चोकेकिराओला मात्र आजही मोटार जात नाही. अपुरिमाकच्या तळाशी उतरून पुन्हा चढायचे, जाऊन-येऊन साधारण चार दिवसांची पायपीट. विटकोस आणि पांढरा खडक पाहायला उआंकाकाये या गावातून थोडे चालावे लागते, आणि तिथे गर्दी नसते.

माचू पिचूच्या प्रवेशद्वाराजवळ बिंगहॅम यांच्या गौरवाचे फलक आहेत. त्यांच्याच जवळ ऑक्टोबर १९९३ मध्ये पेरूच्या सांस्कृतिक संस्थेने बसवलेला आणखी एक फलक आहे. त्यावर आर्तेआगा, रिचार्ते आणि आल्वारेस ही तीन नावे आहेत, आणि हे लोक बिंगहॅम यांच्या आधीपासून माचू पिचूला राहत होते, अशी नोंद.